रोजचा रियाज

रत्नागिरी जिल्ह्यात शास्त्री नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे खाडीच्या मुखाशी जयगड वसले आहे. उंच कड्यावर जुना किल्ला उभा आहे आणि किल्ल्यापासून जवळच समुद्राकडे तोंड करून दीपगृह उभे आहे. पूर्वी मुंबई आणि गोवा यांच्या दरम्यान ये-जा करणाऱ्या आगबोटी या बंदरात थांबत. आता त्या आगबोटी राहिल्या नाहीत. परंतु मालवाहू जहाजे आणि मच्छीमारांच्या होड्या आजही या किनाऱ्यावरून जातात. दिवस मावळला, की दीपगृहाचा दिवा लागतो आणि काळोखात दूरवर त्याचा झोत दिसू लागतो.

पाहणाऱ्याला दिसतो तो केवळ रात्रीचा प्रकाश. त्या प्रकाशामागे दिवसाचे काम असते, ते मात्र दिसत नाही. खाऱ्या वाऱ्याने धूसर झालेल्या काचा पुसाव्या लागतात, यंत्राची तपासणी करावी लागते, नोंदवहीत नोंद करावी लागते. हे काम आज केले म्हणून उद्या चुकत नाही. कोणत्या रात्री कोणते जहाज या किनाऱ्याजवळून जाईल आणि त्याला या खुणेची गरज पडेल, हे आधी कोणास सांगता येणार? म्हणूनच ज्या रात्री समुद्रावरून एकही डोळा दिव्याकडे वळत नाही, त्या रात्रीही तो तितक्याच तेजाने जळत असतो.

कलावंताचे जीवनही बरेचसे असेच असते. शिमग्याच्या दिवसांत रत्नागिरी जिल्ह्यातील गावोगावी नमनाचे खेळ रंगतात. मृदंगावर थाप पडते, झांज वाजू लागते, गण होतो, गौळण होते आणि लहानथोर सारे रात्र जागवतात. मृदंग वाजवणाऱ्याचा हात कसा सहज फिरतो, म्हणून लोक माना डोलवतात. परंतु तो सहजपणा एका रात्रीत आलेला नसतो. शेतीची व मासेमारीची कामे उरकून, पुन्हा पुन्हा तेच बोल घोटून तो हात तयार झालेला असतो. प्रयोग एका रात्रीचा असतो. त्याची तयारी मात्र अनेक वर्षांची असते.

ही तयारी किती चिकाटीने करावी लागते आणि तिचे फळ कसे अनपेक्षितपणे हाती येते, हे जाणून घ्यायचे असेल, तर जयगडपासून याच किनाऱ्याने दक्षिणेकडे, गोव्याकडे वळले पाहिजे. मोगूबाई कुर्डीकर या थोर गायिकेचे बालपण तेथे गेले.

मोगूबाईंचा जन्म १९०४ साली गोव्यातील कुर्डी या गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते. आईचे नाव जयश्रीबाई. जयश्रीबाईंना गाण्याची जाण होती. आपल्या मुलीने मोठी गायिका व्हावे, हा एकच ध्यास त्यांनी घेतला होता. घरची स्थिती बेताची होती आणि खेड्यात शास्त्रोक्त गाणे शिकवणारा कोणी नव्हता. तरीही मोगू लहान असतानाच आईने तिला जांबावलीच्या देवळात नेले व तेथे काही दिवस तिच्या गाण्याच्या शिक्षणाची सोय केली. पुढे चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी या फिरत्या नाटक मंडळीत मोगूचा प्रवेश झाला. तेथे ती गाऊ लागली, रंगभूमीवर कामे करू लागली.

एवढ्यात दैवाने घाला घातला. १९१४ साली जयश्रीबाई वारल्या. मोगू तेव्हा अवघी दहा वर्षांची होती. मागे राहिली ती आईची इच्छा. पुढे ती नाटक मंडळीही बुडाली. काही काळाने मोगूला सातारकर स्त्री संगीत मंडळीत काम मिळाले; पण तेथील आसराही फार काळ टिकला नाही. त्यात प्रकृती बिघडली. तेव्हा मावशी तिला औषधोपचारासाठी सांगलीस घेऊन आली. हे साल १९१९ होते.

सांगलीत मोगूला एका गवयाकडून काही दिवस तालीम मिळाली. परंतु ती मध्येच थांबली. आता विचार करण्यासारखी स्थिती होती. आई नाही, मंडळी नाही, गुरू नाही आणि शरीरही थकलेले. पंधरा वर्षांच्या मुलीने अशा वेळी तंबोऱ्याला गवसणी घालून तो कोपऱ्यात ठेवून दिला असता, तर तिला कोणी दोष दिला नसता. कोणासाठी गावे? कोणापुढे गावे? पुढचा धडा कोण देणार? या प्रश्नांना तिच्यापाशी उत्तर नव्हते. मात्र मिळालेला धडा तिच्यापाशी होता. तो तिने सोडला नाही. जेवढे शिकून झाले होते, तेवढेच ती रोज घोटीत राहिली.

त्याच सुमारास उस्ताद अल्लादियाखाँ हेही उपचारासाठी सांगलीत आले होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारातील हे गायक म्हणजे त्या काळच्या गवयांमधील अग्रगण्य पुरुष. जाता येता एका घरातून मुलीचा रियाज त्यांच्या कानी पडे. एके दिवशी ते त्या घरात गेले. त्यांनी मुलीचे गाणे ऐकले आणि तिला शिकवण्यास आरंभ केला. आपल्यासमोर बसलेले हे वृद्ध गृहस्थ कोण आहेत, हे प्रथम त्या मुलीला माहीतही नव्हते. ज्यांची तालीम मिळावी म्हणून मोठमोठे गाणारे धडपडत, ते गुरू तिच्या दाराशी चालून आले होते!

ही घटना निव्वळ दैवाची म्हणावी काय? खाँसाहेब त्या वाटेने गेले, यात दैवाचा भाग खराच. पण ते गेले तेव्हा आत गाणे चालू होते, हा भाग दैवाचा नव्हता. आज कोणी ऐकणारे नाही म्हणून त्या दिवशी रियाज राहिला असता, तर खाँसाहेब त्या घरावरून तसेच पुढे निघून गेले असते. दीपगृहाच्या दिव्याला जहाज कधी येणार हे ठाऊक नसते. तो रोज लागतो, म्हणूनच आलेल्या जहाजाला दिसतो.

मोगूच्या वाट्याला आलेल्या गुरूंच्या जीवनातही अशीच एक कठीण कसोटी येऊन गेली होती. तरुणपणी अतिशय गाण्याचा ताण पडून अल्लादियाखाँ यांचा आवाज बसला होता. गवयाचा आवाज जाणे म्हणजे शेतकऱ्याची जमीन जाणे. पुष्कळ काळ गेला, तरी पहिल्यासारखा आवाज त्यांना पुन्हा लाभला नाही. परंतु खाँसाहेब खचले नाहीत. उरलेल्या आवाजाला साजेल अशी गायकी त्यांनी परिश्रमाने घडवली. तीच पुढे जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणून नावारूपास आली. असा गुरू शिष्येला केवळ राग शिकवत नाही. हातात उरलेल्या साधनातून पुन्हा उभे कसे राहावे, हेही आपल्या उदाहरणाने शिकवतो.

सांगलीची ही तालीम काही काळ चालली. पुढे खाँसाहेब मुंबईस गेले. १९२२ साली मोगूबाईही त्यांच्या मागोमाग मुंबईस आल्या. आता शिक्षण अखंड चालेल, असे त्यांना वाटले असेल. परंतु तसे घडले नाही. काही अडचणींमुळे खाँसाहेबांना त्यांना शिकवणे अशक्य झाले. मोगूबाईंनी आग्रा घराण्याचे बशीरखाँ यांच्याकडे काही काळ शिक्षण घेतले. पुढे अल्लादियाखाँ यांचे बंधू हैदरखाँ यांची तालीम त्यांना लाभली. पण तेही काही वर्षांनी मुंबई सोडून गेले. मग विलायत हुसेनखाँ यांच्याकडे त्या काही काळ शिकल्या. गुरू बदलत होते, शिक्षण पुन्हा पुन्हा तुटत होते, संसाराचा व्याप वाढत होता. या सर्व काळात जी गोष्ट तुटली नाही, ती म्हणजे रोजचा रियाज.

अखेर १९३४ साली अल्लादियाखाँ यांनी मोगूबाईंना विधिपूर्वक गंडा बांधून शिष्या केले आणि १९४६ साली खाँसाहेब निवर्तले, तोवर ही तालीम चालू राहिली. १९२२ पासून १९३४ पर्यंतचा काळ मोजला, तर तो बारा वर्षांचा भरतो. बारा वर्षांच्या काळाला मराठीत 'तप' म्हणतात. पुढे रसिकांनी मोगूबाईंना 'गानतपस्विनी' म्हणून गौरवले, तेव्हा त्या शब्दात केवढा अर्थ साठला होता!

रियाज म्हणजे नेमके काय, हे येथे समजून घेणे योग्य होईल. गाणारा प्रथम तंबोरा जुळवतो. त्याच्या तारांचा नाद अखंड चालू राहतो आणि त्या नादात आपला षड्ज मिसळून टाकण्याचा गाणारा प्रयत्न करतो. पहाटेच्या वेळी खालच्या सुरांवर दीर्घकाळ स्थिर राहण्याचा अभ्यास करतात. त्याला खर्जाचा अभ्यास म्हणतात. मग पलटे येतात. तीच सुरांची ओळ आधी संथ, मग मध्यम, मग द्रुत लयीत म्हणायची. तबल्याचा ठेका धरून समेवर अचूक येण्याचा सराव करायचा. त्रितालाच्या सोळा मात्रांत कोठेही फिरावे, पण सम चुकता कामा नये. ऐकणाऱ्याला हे कंटाळवाणे वाटते. गाणाऱ्यालाही कधी कधी कंटाळा येतो. तरीही घर उभे राहते ते याच पायावर.

रोजच्या अल्प सरावाला एवढे महत्त्व का असावे? गळ्यातील स्वरतंतू अतिशय नाजूक असतात. स्त्रीने मध्य षड्ज लावला, की ते दर सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा कंप पावतात. त्यांना सांभाळणारे स्नायू थकतात आणि विश्रांतीनंतर पुन्हा ताजेतवाने होतात. आठवडाभर स्वस्थ बसून एका दिवशी तीन-चार तास गाणाऱ्याचा गळा वाढत नाही; उलट दुखावण्याचा संभव असतो. दुसरे असे, की शिकलेली हालचाल मेंदूत एकाएकी ठसत नाही. आज घोटलेली तान रात्रीच्या झोपेत मनात मुरते आणि उद्या ती थोडी अधिक सहज येते. शेतात एकदम पूर आला, तर माती वाहून जाते. रिमझिम पाऊस मात्र जमिनीत मुरतो. सरावाचेही तसेच आहे.

थोडा हिशोब केला, तर हे अधिक स्पष्ट होते. रोज अर्धा तास सराव करणारा विद्यार्थी वर्षाला १८२ तासांहून अधिक सराव करतो. सहा वर्षांत हा आकडा १,०९५ तासांवर जातो. अर्धा तास हा दिवसाच्या चोवीस तासांत सहज सामावतो. परंतु एक हजार तास एकदम काढतो म्हटले, तर कोणालाही ते साधणार नाही. मोठे ध्येय दुरून डोंगरासारखे दिसते. त्याच्याकडे पाहत बसले, तर छाती दडपते. वाटेवरचे एक पाऊल मात्र कोणालाही टाकता येते.

हा नियम केवळ गाणाऱ्यापुरता नाही. नट रोज मोठ्याने वाचन करून आपले उच्चार स्वच्छ करतो. नर्तकी तोच पदन्यास शेकडो वेळा करते. कीर्तनकार पाठांतराला रोज उजाळा देतो. नमनातील मृदंगी असो वा गणेशोत्सवात जाखडी नाचणारा मुलगा असो, प्रत्येकाला हाच मार्ग आहे. या मार्गाने जाणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. सरावाची वेळ व जागा ठरलेली असावी, म्हणजे आज करावे की न करावे, हा वादच मनात उठत नाही. आरंभ लहान असावा. पहिल्याच दिवशी दोन तासांचा संकल्प करणारा चौथ्या दिवशी थकतो. पंधरा मिनिटांपासून आरंभ करणारा पुढे टिकतो. जे अवघड वाटते, ते आधी संथपणे करावे. वेग आपोआप येतो. आज काय केले व कोठे अडले, हे दीपगृहाच्या नोंदवहीप्रमाणे एका वहीत रोज टिपून ठेवावे. आजारपणामुळे वा अन्य कारणाने एखादा दिवस चुकला, तर त्याचा शोक करीत बसू नये. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पुन्हा बसावे. विश्रांतीही सरावाचाच भाग आहे. विशेषतः ज्या वयात मुलांचा आवाज फुटतो, त्या वयात गळ्यावर ताण देणे हितकारक नसते. त्या काळात हळू गावे, अधिक ऐकावे.

मोगूबाईंनी जे कष्टाने मिळवले, ते पुढच्या पिढीला मुक्तहस्ताने दिले. कमल तांबे, बबनराव हळदणकर, पद्मा तळवलकर अशा अनेकांना त्यांची तालीम लाभली. त्यांची कन्या किशोरी आमोणकर ही भारतातील श्रेष्ठ गायिकांमध्ये गणली गेली. मुलगी म्हणून तिला कोणतीही सवलत मिळाली नाही. शिकवताना मोगूबाई एखादी ओळ दोनदाच गाऊन दाखवीत. तिसऱ्यांदा ती पुन्हा मिळत नसे. त्यामुळे मन एकाग्र करून ऐकण्याची सवय शिष्यांना आपोआप लागे. रोज गाण्याइतकेच रोज नीट ऐकणे हेही साधनेचे अंग आहे, हे किशोरीताई आईजवळच शिकल्या.

मोगूबाईंना १९६८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. २००१ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्यांनी मुंबईत देह ठेवला. ज्या कुर्डी गावाचे नाव त्यांनी आपल्या नावाबरोबर देशभर नेले, ते गाव पुढे साळावली नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की तेथील घरांचे अवशेष व मंदिराची जागा काही दिवस उघडी पडते आणि पावसाळ्यात पुन्हा पाण्याखाली जाते. गाव बुडाले, परंतु त्या गावातील एका मुलीने रोज घोटलेले सूर बुडाले नाहीत. ते तिच्या शिष्यांच्या गळ्यात राहिले.

जयगडच्या किनाऱ्यावर आजही संध्याकाळ होते. किल्ल्याचे बुरूज काळोखात दिसेनासे होतात आणि दीपगृहाचा दिवा लागतो. त्याच वेळी आसपासच्या एखाद्या घरात एखादा मुलगा पेटीवर सुरांची ओळ घोटत असेल, एखादी मुलगी आरशासमोर आपले संवाद म्हणत असेल. त्यांच्याकडे आज कोणाचेही लक्ष नसेल. परंतु त्यांनी हिरमुसले होऊ नये. कोणत्या दिवशी कोणाचा कान त्या वाटेने जाईल, हे ठरवणे त्यांच्या हाती नाही. त्या दिवशी आपला दिवा लागलेला असावा, एवढे मात्र पूर्णपणे त्यांच्या हाती आहे.

शब्दार्थ

रियाज – गाण्याचा नित्य सराव. तालीम – गुरूकडून मिळणारे शिक्षण. गवसणी – वाद्यावर घालण्याची कापडी पिशवी. षड्ज – सप्तकातील पहिला सूर, सा. गंडा बांधणे – गुरूने शिष्याच्या मनगटावर दोरा बांधून त्याला विधिपूर्वक शिष्य करणे. निवर्तणे – मरण पावणे. पदन्यास – नृत्यात पावले टाकण्याची रीत. हिरमुसणे – निराश होणे.

स्वाध्याय

१. दीपगृहाचा दिवा व मोगूबाईंचा रियाज यांत लेखात कोणते साम्य दाखवले आहे?

२. सांगलीत असताना मोगूने रियाज सोडला असता, तर काय झाले असते? चार-पाच वाक्यांत लिहा.

३. 'प्रयोग एका रात्रीचा असतो. त्याची तयारी मात्र अनेक वर्षांची असते.' या वाक्याचा अर्थ उदाहरणासह स्पष्ट करा.

४. 'गानतपस्विनी' हा शब्द मोगूबाईंना कसा शोभतो, ते सांगा.

५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : ध्यास घेणे, घाला घालणे, छाती दडपणे, उजाळा देणे, मुक्तहस्ताने देणे.

६. तुमच्या गावात नमन, जाखडी, भजन, कीर्तन किंवा नाटक करणारे एखादे कलावंत असतील, तर त्यांना भेटा. ते रोज कोणता सराव करतात, हे विचारून दहा ओळींत लिहा.

७. तुम्हांला आवडणाऱ्या एका कलेचा रोज पंधरा मिनिटे, याप्रमाणे एक महिना सराव करा. त्याची रोजची नोंद वहीत ठेवा व महिन्याच्या शेवटी ती वर्गात वाचून दाखवा.